निर्वेध उपभोग

मंगळवारी संध्याकाळी सातला, शॅननमध्ये,
खाडीकडे पाठ करून बसलेल्या हॉटेलच्या तळमजल्यावर
नुआला हेहिर आम्हाला शिकवते
विमान म्हणजे काय.

एकतीस वर्षं मला वाटत होतं, ठाऊक आहे.
हँगरला कुलूप लागलं तेव्हाही माझ्या नखांत ग्रीस होतं.
ती म्हणते, नाही. विमान म्हणजे कागद.
सांगाडा एकाचा, इंजिनं दुसऱ्याची,
कर्ज तिसऱ्याचं, शेपटीवरचा रंग तेवढा भाडेकरूचा.
आणि दाराच्या आत, चढताना कुणी वाचत नाही अशी
तळहाताएवढी पाटी, आगीतही न जळणारी:
मालक अमुक.

तसल्या पाट्या मी डझनांनी ठोकल्यात.
मीही वाचल्या नव्हत्या.

आभाळ फाटलं तरी भाडं थकवायचं नाही,
हे एक कलम. इंजिन बिघडो, युद्ध पेटो,
विमान कुठल्या वाळवंटात डोळे बांधून उभं राहो,
दहा तारखेला पैसे.
त्याच्या बदल्यात दुसरं:
भाडेकरू पैसे भरतोय तोवर
मालकानं त्याची झोप मोडायची नाही.
निर्वेध उपभोग, ती फळ्यावर लिहिते
आणि पेनाला टोपण लावायला जरा जास्तच वेळ घेते.
ती याच कौंटीची. आम्हीही.

माझ्या पणजीच्या करारात हे कलम नव्हतं.
तिच्या दारात ओंडका घेऊन माणसं आली,
भिंत पाडली, चूल विझवली, मग कागद वाचून दाखवला.
तिच्या बटाट्यांच्या वाफ्यावरून आता टॅक्सीवे जातो,
असं काका सांगायचा.
काका थापाही मारायचा.

आज सराव. एअरलाइन बुडाली आहे, विमान ताब्यात घ्या.
नावं काळी केलेल्या जुन्या फायलीच्या झेरॉक्स वाटल्या.
प्रत्येक भागाची जन्मापासूनची नोंद हवी,
एक पान हरवलं की सोन्याच्या मोलाचा माल
भंगाराच्या भावात.
कागदी घोडे, टाइग पुटपुटतो. तो वकील, सव्वीस वर्षांचा.
घोडेच, पण सगळं ओझं त्यांच्याच पाठीवर.

पान एकशे बारा.
डावं लँडिंग गिअर बदललं. फेब्रुवारी, सत्त्याण्णव.
खाली सही, काळ्या पट्टीखाली.
फक्त पहिल्या अक्षराची शेपटी पट्टीतून बाहेर आलीय.
मी ती अजून तशीच काढतो.

डांबरावर बर्फाचा पापुद्रा. डेसी टॉर्च धरून
थंडीला शिव्या देत होता.
भिंतीवरचा फोन वाजला. एनिसचं इस्पितळ.
मी म्हणालो, शेवटचा बोल्ट राहिलाय.
पाना टक् म्हणेपर्यंत आवळला,
हात पुसले, सही केली,
मग गाडीची किल्ली सापडेना.

रासा मान वर करते. ती बँकेतून थेट येते,
मूळची कौनासची, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.
इथे तफावत आहे, म्हणते.
गिअरच्या पुस्तकात नऊ तारीख,
कामाच्या कागदावर आठ.
शाबास, नुआला म्हणते. असं का झालं असेल?

निष्काळजीपणा, टाइग.
मध्यरात्र उलटली, हे लक्षात आलं नसेल, रासा.
मागून कुणीतरी: लबाडी.
मॅलकी, तुम्ही हँगरमध्ये होतात ना?

होतो, मी म्हणालो. थंडी फार असायची.

लक्षात होतं. घड्याळ समोरच होतं, फोनच्या वर.
आठ तारखेला आई होती.

उत्तरपत्रिकेत लिहिलं:
तफावत, एक दिवस.
कारण, नोंदीत नाही.
मग पुढची पानं उलटून बेरीज केली, तीही खाली लिहिली:
या गिअरनं त्यानंतर सहा हजार दोनशे अकरा वेळा
जमीन झेलली.

त्याला गुण नव्हते.